बेळगावहून गिटार क्लिनिकला जाताना: तयारी, प्रवास आणि परतीनंतरचा रियाज

पुण्यात, गोव्यात किंवा बंगळूरला एखाद्या मोठ्या गिटारवादकाचं क्लिनिक आहे ही बातमी बेळगावात पोचते ती बहुतेक वेळा दहा-बारा दिवस आधी, क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मग "जाऊया की", "सर, येतासा न्हवं?", "गाडी कुणाची?" यातच चार दिवस निघून जातात आणि वाजवण्याची तयारी तशीच राहते. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाककडच्या पोरांना तर घरातून बेळगावला येण्यासाठीच एक बस जास्त धरावी लागते. एवढा प्रवास, एका रात्रीचं जागरण आणि घरच्यांकडून मागून घेतलेले पैसे खर्चून समोर बसायचं, तर त्या दोन तासांतून काय आणायचं हे निघण्याआधीच ठरलेलं असावं. माझ्या मते एकच गोष्ट आणायची. आपली एक नेमकी अडचण घेऊन जायची आणि तिच्यावर काम कसं करायचं ते घेऊन यायचं. सही, फोटो, स्टिकर मिळाले तर चांगलंच, पण त्यासाठी गोव्याकडचा चोर्ला घाट उतरायची गरज नाही.

आधी एक फोन करा

पोस्टरवर क्लिनिक, वर्कशॉप, मास्टरक्लास यांपैकी काहीही छापलेलं असतं आणि आयोजकही हे शब्द सरमिसळ वापरतात. प्रकार मात्र वेगळे आहेत. क्लिनिक बहुतेक वेळा गिटार, अ‍ॅम्प, पेडल किंवा तारा बनवणाऱ्या कंपनीच्या पैशातून होतं. कलाकार तीन-चार रचना बॅकिंग ट्रॅकवर वाजवतो, मध्ये मध्ये बोलतो, शेवटी प्रश्न घेतो. तुम्ही खुर्चीवर बसून ऐकायचं. मास्टरक्लासमध्ये दोन-चार विद्यार्थी स्टेजवर जाऊन वाजवतात आणि सगळ्यांसमोर त्यांची दुरुस्ती होते. त्यासाठी नाव आधी द्यावं लागतं, कधी व्हिडिओही पाठवावा लागतो. वर्कशॉपला प्रत्येकाच्या मांडीवर गिटार असते.

म्हणून आयोजकांना फोन करून विचारा: गिटार आणायची का, प्रश्नोत्तरं आहेत का, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालेल का, आणि कार्यक्रम किती वाजता संपेल. शेवटचा प्रश्न परतीच्या गाडीसाठी. "साधारण आठ" असं उत्तर आलं तर साडेनऊ धरा. सह्यांची रांग नेहमीच लांबते.

त्याच संध्याकाळी त्या कलाकाराचा मोठा शो असेल आणि खिशात एकाच तिकिटाचे पैसे असतील, तर क्लिनिक घ्या. शोमध्ये तो तुमच्यापासून साठ-सत्तर फुटांवर, धुरात आणि दिव्यांत असतो. क्लिनिकमध्ये त्याची बोटं दिसतात.

जाणं-येणं

बेळगावहून धारवाड साधारण ८० किलोमीटर, हुबळी १००, कोल्हापूर ११०. ही ठिकाणं सकाळी निघून रात्री परत येण्यासारखी. चोर्लामार्गे पणजी सव्वाशेच्या आसपास, पण पावसाळ्यात त्या घाटाचा भरवसा नाही. धुकं आणि खराब रस्ता धरून तास-दीड तास जास्त ठेवा. पुणे ३४० किलोमीटर, बंगळूर ५००. तिथं एक रात्र गाडीत जाणारच.

पुण्याला जाताना मी शक्यतो रेल्वे सुचवतो, त्याला आपल्या भागापुरतं एक खास कारण आहे. सीमाप्रश्नावरून कुठं काही पेटलं की निपाणीजवळ राज्याच्या सीमेवर असलेल्या कोगनोळी नाक्यावर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अडतात, फेऱ्या थांबतात, आणि सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहून चौकशी खिडकीला पुन्हा पुन्हा विचारण्यापलीकडे काही करता येत नाही. रेल्वे त्यातून बऱ्यापैकी सुटते. गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला जाते आणि २०२४ पासून हुबळी–पुणे वंदे भारतही बेळगावला थांबते. ती रोज नाही, म्हणून वार बघून घ्या. बंगळूरसाठी राणी चन्नम्मा आहेच.

कार्यक्रम बेळगावात असेल आणि बाहेरून मित्र येणार असतील, तर डिसेंबरमधल्या विधानसभा अधिवेशनाचे दिवस टाळता आले तर बघा. सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन सुरू झालं की शहरातले लॉज भरतात आणि भाडी चढतात. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, रस्ते बंद असतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

प्रश्न कसा सापडतो

तयारीतला खरा भाग हा, आणि नेमका हाच सगळे सोडतात. कलाकाराचं सगळं वाजवून ऐकत बसू नका. त्याच्या वादनातले आठ बार (तालाचे छोटे खंड) निवडा. फार वेगवान नको. संथ असलेले निवडा, कारण संथ जागेत लपायला जागा नसते.

ते आठ बार आधी गुणगुणा. गिटारला हात लावू नका. आपल्याकडे घरात अभंग, नाट्यगीत, भजनी मंडळ ऐकत वाढलेल्या पोरांचा कान तयार असतो, पण गिटार हातात आली की सगळे टॅबकडे (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते लिहिलेल्या कागदाकडे) धावतात. तोंडातून सूर नीट निघाला की मगच गिटारवर शोधा. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ करता येतो आणि पट्टी तीच राहते, त्याचा उपयोग करा. स्वर सापडले की तेच आठ बार स्वतः वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि मूळ व आपलं एकामागून एक ऐका.

आता एक साधं काम. दोन्हींमध्ये कुठं फरक पडतो ते वहीत लिहा. "त्याचं भारी वाटतं" असं लिहू नका. "तिसऱ्या बारमध्ये बेंड वर पोचतो तेव्हा माझा स्वर थोडा खाली राहतो" असं लिहा (बेंड म्हणजे तार आडवी ओढून स्वर चढवणं). "त्याची नोट सुटते तेव्हा शांतता असते, माझ्याकडे खालच्या तारा घुमतात" असं लिहा. असे दोन-तीन फरक निघतील. त्यांतला एक तरी असा असतो, जो आठवडाभर प्रयत्न करूनही जात नाही. तोच तुमचा प्रश्न.

"तुम्ही रोज किती तास रियाज करता?", "कुठला अ‍ॅम्प वापरता?", "आमच्यासारख्यांना काय सल्ला द्याल?" असले प्रश्न घेऊन जाऊ नका. पहिल्या दोघांची उत्तरं त्याने पन्नास मुलाखतींत दिलेली असतात आणि तिसऱ्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. परदेशी कलाकाराला "एखादा राग वाजवून दाखवा" म्हणणं तर नकोच. तो बिचारा हसून वेळ मारून नेतो आणि पाच मिनिटं जातात. मींड आणि बेंड यांच्यातलं नातं खरंच विचारायचं असेल, तर विश्वमोहन भट्टांची मोहन वीणा (स्लाइडनं वाजवायची, बदल केलेली गिटार) ऐकलेला माणूस तो प्रश्न जास्त चांगला विचारेल. त्यांना अमेरिकन गिटारवादक राय कूडरसोबतच्या वादनासाठी १९९४ साली ग्रॅमी मिळालं. स्लाइडने स्वरांमधून सरकत जाणं त्यात इतकं स्पष्ट आहे की बेंडबद्दलचा अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

प्रश्न इंग्रजीत विचारायचा म्हटलं की आपल्याकडची मराठी माध्यमाची पोरं मागच्या रांगेत सरकतात. खरं तर आपण रोज मराठी, कन्नड, हिंदी, आणि खानापूरकडे कोकणीही बोलतो. आणखी एक वाक्य जड नाही. दोन ओळींचा प्रश्न आधी लिहा, मोठ्यानं चार वेळा म्हणा आणि कागद जवळ ठेवा. उदाहरणार्थ: "व्हेन यू बेंड स्लोली, आर यू काउंटिंग ऑर लिसनिंग? हाऊ डिड यू प्रॅक्टिस दॅट?" एवढं पुरे. व्याकरण चुकलं तरी चालेल. त्याला बोटांची अडचण कळते. हुबळी-धारवाडला सूत्रसंचालक कन्नडमध्ये बोलत असेल तर त्याच्याकडूनच प्रश्न पोचवा, त्यात कमीपणा नाही.

गिटार न्यायची असेल तर

फक्त ऐकायचं असेल तर गिटार घरी ठेवा. गर्दीत ती तुमच्या पायात आणि दुसऱ्याच्या डोक्यात लागते. वर्कशॉप असेल तर आठ दिवस आधीच तिच्याकडे बघा.

जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरची हवा लाकडात उतरते. अ‍ॅकॉस्टिकची छाती फुगते, ब्रिज किंचित वर येतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात. लई जोरानं दाबावं लागतंय असं वाटलं तर दोष बोटांचा नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उलटं होतं, तारा खाली बसून फ्रेटला घासायला लागतात. गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता बरी. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. नेकच्या आतला ट्रस रॉड फिरवायचा असेल तर पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि जमत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे द्या. मिरजेचे सतारमेकर तंतुवाद्यात वाकबगार, पण फ्रेट समतल करणं हे वेगळं काम आहे. तिथं गिटार टाकण्याआधी विचारून घ्या.

तारा कार्यक्रमाच्या तीन-चार दिवस आधी बदला, आदल्या रात्री नको. नव्या तारा ताणत राहतात आणि सूर सरकतो. बदलल्यावर प्रत्येक तार हलक्या हातानं ओढून पुन्हा ट्यून करा. ट्यूनर ४४० हर्ट्झवरच आहे ना, ते बघा. कुणीतरी खेळताना ४३२ करून ठेवलेलं असतं आणि मग हॉलमध्ये एकट्याचीच गिटार वेगळ्या गावची वाटते.

पिशवीत एवढं असू द्या: पिक दोन जाडीचे, साधारण ०.७३ आणि १ मिलिमीटर, कारण अनोळखी अ‍ॅम्पवर नेहमीचा पिक कधी कधी टोचतो, जास्तीची केबल, कॅपो (पट्टी चढवायला नेकवर लावायचा चिमटा), गिटारमध्ये प्रीअ‍ॅम्प असेल तर नवी नऊ व्होल्टची बॅटरी, जास्तीची पहिली आणि दुसरी तार. पेडल्सचं गाठोडं नेऊ नका. वर्कशॉपला तुमचा टोन कुणी ऐकायला आलेलं नसतं.

स्लीपर बसमध्ये गिटार डिकीत टाकू नका. दुपारी तिथं भट्टी असते आणि वर कुणाच्या तरी आंब्याच्या पेट्या येतात. बर्थवर स्वतःशेजारी घ्या, तारा अर्ध्या-एका स्वरानं सैल करून. पावसात स्कूटरवर नेताना गिगबॅगवर साधं प्लॅस्टिक बांधलेलं असलं तरी झिपेच्या टोकाशी पाणी शिरतंच, तिथं जुना टॉवेल ठेवा. एसी हॉलमध्ये पोचल्यावर केस उघडून वीसेक मिनिटं तशीच राहू द्या, मग ट्यून करा.

हॉलमध्ये: कुठं बसायचं, काय बघायचं

तासभर आधी पोचा. पहिली रांग पकडायची धडपड मी करत नाही, कारण स्टेज उंच असेल तर तिथून गिटारचं बूड दिसतं आणि स्पीकर कानात येतो. तिसरी-चौथी रांग चांगली. बाजू मात्र विचार करून निवडा. उजव्या हातानं वाजवणारा कलाकार समोर तोंड करून बसला की त्याची नेक तुमच्या उजवीकडे येते. डाव्या हाताची अडचण असेल तर उजव्या बाजूला बसा, तिथून बोटं आणि नेकमागचा अंगठाही दिसतो. पिकिंगची, उजव्या हाताची अडचण असेल तर डाव्या बाजूला. डावखुऱ्या कलाकाराला हे उलटं.

कान सांभाळा. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठ तास सोसण्यासारखा मानतात, आणि दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. छोट्या हॉलमध्ये अ‍ॅम्पसमोर १०० सहज होतं. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात, ते खिशात असू द्या.

आता बघायचं काय. बहुतेक जण डाव्या हाताची बोटं कुठल्या फ्रेटवर पडली तेवढंच बघतात. ते नंतर व्हिडिओत मिळतं. समोर बसून बघायच्या गोष्टी वेगळ्या.

बेंड घ्या. अनामिका तारेवर आहे, पण तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनीही त्याच तारेवर टेकलेली असतात. तीन बोटं मिळून ढकलतात. जोर बोटांतून येत नाही, मनगट फिरतं आणि अंगठा नेकवरून आकड्यासारखा अडकलेला असतो, त्याच्यावर हात तोलला जातो. बेंड वर पोचायच्या आधी एखाद्या क्षणाचा विलंब आहे का बघा. आणि पोचल्यावर तो खाली येतो की तिथंच तार दाबून आवाज बंद करतो, तेही. बोट आडवं ढकलून दिलेल्या व्हायब्रॅटोमध्ये स्वर मूळ जागेवरून वर जातो आणि परत येतो, खाली जात नाही, सतारीवरही ओढल्यावर तसंच. म्हणून परत येताना तो बरोब्बर मूळ स्वरावर येतो की नाही यावर सगळं अवलंबून. आपलं बिघडतं ते नेमकं इथं: वर जाण्याकडे लक्ष असतं, परत येण्याकडे नसतं.

मग शांतता बघा. नोट वाजत असताना बाकीच्या पाच तारांना कोण गप्प बसवतंय? उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ खालच्या सुरांच्या तारांवर असते, आणि डाव्या तर्जनीचं टोक शेजारच्या तारेला नुसतं टेकलेलं असतं. हे स्टेजवरून कुणी समजावून सांगत नाही, कारण वादकाला ते जाणवतही नाही.

आणि व्हॉल्यूमची कळ. इलेक्ट्रिकवाला असेल तर त्याची करंगळी कळीकडे किती वेळा जाते ते मोजा. कळ थोडी खाली केली की अ‍ॅम्पकडे सिग्नल कमी जातो, ड्राइव्ह (आवाजाचा खरखरीतपणा) कमी होतो आणि आवाज स्वच्छ होतो. नुसतं हळू होत नाही, पोत बदलतो. कित्येक जण त्यासाठी वेगळं पेडल घेतात.

वहीत लिहिताना त्याची वाक्यं उतरवू नका, कृती लिहा. रेकॉर्डिंगला परवानगी असेल तर पूर्ण दोन तास मोबाइल उंच धरून मागच्या माणसाचं नुकसान करू नका. आपल्या अडचणीशी संबंधित जागा आली की तीस-चाळीस सेकंद घ्या. परवानगी नसेल तर नाही म्हणजे नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली की हात पहिल्या दोन-तीनांतच वर करा. शेवटी वेळ संपतो. उभं राहून नाव-गाव एका वाक्यात, मग प्रश्न. "आय अ‍ॅम फ्रॉम बेळगाव" एवढं सांगितलं तरी आयोजकांच्या लक्षात राहतं की तिकडून लोक येतात, त्याचा पुढं उपयोग होतो. तो वाजवून उत्तर देत असेल तर मान हलवत बसू नका, हाताकडे बघा. तुमचा प्रश्न दुसऱ्यानं आधी विचारला तर वहीतला दुसरा फरक काढा.

कार्यक्रमानंतर बाहेर टेबलावर तेच पेडल, त्याच तारा, आजच्या दिवसापुरती सूट. घेऊ नका. त्या आवाजात त्याचे हात आहेत. पंधरा दिवसांनी बेळगावात एखाद्या मित्राकडचं वाजवून बघा, मग ठरवा. सही घ्यायची असेल तर गिटारच्या बॉडीवर नको, पिकगार्डवर किंवा कागदावर. मार्करची शाई लॅकरवर घामानं पुसते.

परतीच्या प्रवासापासून दहा दिवस

गाडीतच, झोपेच्या आधी, वही उघडा. मित्रांबरोबर गप्पा माराल तर त्यांचं निरीक्षणही लिहून घ्या, त्यांनी वेगळ्या खुर्चीवरून बघितलेलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आठ बारवरच बसा. नवं काही काढू नका. बेंडची अडचण असेल तर ज्या स्वराला पोचायचं तो स्वर आधी दोन फ्रेट पुढं नुसता दाबून वाजवा, कानात बसवा, मग खालच्या फ्रेटवरून ओढून तिथं पोचा. मेट्रोनोम ६० वर. दहा-पंधरा मिनिटं, रोज. दहाव्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड करा आणि क्लिनिकआधीच्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवून ऐका.

क्लासमधल्या न आलेल्यांना एका संध्याकाळी वाजवून दाखवा. समजावताना आपल्याला काय कळलं नव्हतं ते लगेच उघडं पडतं. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या परीक्षेला बसलेल्यांनी हे ग्रेडच्या तुकड्यांना लावून बघावं, तिथं परीक्षक स्वच्छ सुटणाऱ्या नोटा ऐकतो.

बेळगावातच बोलवायचं असेल तर

दरवेळी आपणच का जायचं, हा प्रश्न परतीच्या गाडीत निघतोच. करता येतं, पण एकट्या क्लासच्या जिवावर नाही. पुण्याहून गोव्याला किंवा बंगळूरला जाणाऱ्या कलाकाराला बेळगाव वाटेतच पडतं, त्यामुळे तारीख त्याच्या दौऱ्याच्या मधल्या रिकाम्या दिवसावर धरली तर मानधन आणि प्रवास दोन्ही कमी होतात. गणपतीचे आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे दिवस टाळा. त्या काळात शहरातला एकही साउंडवाला मोकळा नसतो, आणि गिटारवाले तर सगळे ऑर्केस्ट्रात.

हॉल दोनशे खुर्च्यांच्या आतला बघा. नाट्यगृह घेतलंत तर मागच्या निम्म्या रांगा रिकाम्या दिसतील आणि बोटंही दिसणार नाहीत. कॉलेजचा सेमिनार हॉल सगळ्यांत सोयीचा, कारण जनरेटर, प्रोजेक्टर आणि पार्किंग तिथंच असतं. प्रोजेक्टर असेल तर एक कॅमेरा डाव्या हातावर लावून मोठ्या पडद्यावर दाखवा. कलाकाराकडून सामानाची यादी आधी मागवा आणि ती जशीच्या तशी साउंडवाल्याला द्या: कुठला अ‍ॅम्प, बॅकिंग ट्रॅकसाठी लाइन, किती मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेले स्पीकर). अर्थिंग नीट नसलेल्या प्लगवर अ‍ॅम्प घुमतो, म्हणून आदल्या दिवशी अ‍ॅम्प नेऊन लावून ऐका, आणि जनरेटर सुरू करूनही ऐका. तिकिटाच्या पैशांत वायरमनचा दिवस धरलेला असू द्या.